खिळे ठोकलेली खिडकी

इंग्रजी शिकवायला लागल्यापासून एक शब्द मी कधीच घाईत शिकवला नाही. तो म्हणजे ‘स्टफी’. पुस्तकात तो कुठल्या तरी धड्यात, कुठल्या तरी ओळीत निमूट बसलेला असतो आणि बाकीचे शिक्षक ‘कोंदट’ एवढं सांगून पुढं जातात. मी मात्र खडू खाली ठेवते. मुलांना म्हणते, आता वह्या मिटा आणि नुसतं ऐका. आपल्याकडं खोली कोंदट असते, नाक चोंदलेलं असतं, आणि जो माणूस बांबू गिळल्यासारखा ताठ, जुनाट आणि सगळ्या बाजूंनी बंद असतो त्याला आपण बरंच काही म्हणतो, पण वर्गात म्हणता येईल असं थोडंच. इंग्रजांनी या तिघांना एकाच शब्दात कोंबलं. मागच्या बाकावरचं एखादं कार्टं हमखास विचारतं, “मॅडम, मग भरलं वांगं पण स्टफीच का?” वर्ग हसतो, मीही हसते. मग मी उदाहरणं देते.

तिन्ही उदाहरणं एकाच घरातली असतात. मी नाव घेत नाही. पण ती खोली, ते नाक आणि तो माणूस असा काही रंगवून सांगते की पोरांना तो शब्द जन्मात विसरता येत नाही. दरवर्षी एका नव्या वर्गापुढं मी त्या माणसाची धिंड काढते. मला त्याची लाज वाटत नाही आणि कधी वाटली तर मी नोकरी सोडून देईन.

आम्ही मूळचे मुखेड तालुक्यातले. वडील मी लहान असतानाच गेले. मोठ्या दुष्काळात मायनं सरकारी कामावर खडी फोडली. सडकेच्या कडेला बसायचं, डोक्यावर पदर, तोंडावर पदर, आणि दिवस मावळेपर्यंत दगडावर हातोडी. तेव्हापासून तिच्या छातीत घरघर बसली ती बसलीच. दादा नांदेडला बोर्डिंगात राहून शिकला. पुढं लातूर वेगळा जिल्हा झाला आणि त्याला तिथल्या एका कचेरीत कारकुनाची नोकरी लागली. मायला आणि मला त्यानं सोबत नेलं. मला कॉलेजात घालायचं आणि मायला चांगल्या डॉक्टरला दाखवायचं, असा त्याचा बेत होता.

नवा जिल्हा म्हणजे नव्या कचेऱ्या, कचेऱ्या म्हणजे बदलून आलेली माणसं, आणि त्या माणसांना राहायला गावात खोल्या कुठून असणार? ज्याला नुसती ओसरी होती त्यानंही मधे भिंत घालून भाडेकरू बसवला. त्यात पावसानं पुन्हा पाठ फिरवलेली. गल्लीत टँकर आला की बायका हंडे घेऊन असल्या तुटून पडायच्या की एकीचं लुगडं दुसरीच्या हातात. अशा गावात दादा खोली शोधत फिरला. सगळीकडं आधी गोड बोलणी व्हायची, खोली दाखवली जायची, भाडं ठरायचं, आणि मग मालक सहज आठवल्यासारखं विचारायचा, “आडनाव काय म्हणालात?” आडनाव सांगितलं की मालकाच्या मेहुण्याची बदली नेमकी लातूरला झालेली असायची आणि खोली त्याच्यासाठी ठेवावी लागायची. त्या साली लातुरात एवढे मेहुणे आले की त्यांचाच एक वेगळा जिल्हा करता आला असता.

खोली दिली ती सरांनी. सर म्हणजे निवृत्त हेडमास्तर, इंग्रजीचे. दगडी, माळवदाचं मोठं घर, बायको वारलेली, मुलगा पुण्याला. भर उन्हाळ्यात गळ्यापर्यंत गुंड्या लावलेला काळा कोट घालून बसायचे. तपकिरीची सवय, त्यामुळं नाक कायमचं चोंदलेलं, आणि प्रत्येक शब्द नाकाच्या मागच्या खोलीतून निघाल्यासारखा. त्यांनी दादाचं आडनाव ऐकलं, चिमूटभर तपकीर नाकात सारली आणि म्हणाले, “माझ्या मनात तसलं काही नाही. मी हैदराबादला शिकलेला माणूस आहे.” ‘तसलं’ म्हणजे कसलं, हे त्यांनी सांगितलं नाही आणि आम्हाला विचारायची गरज नव्हती. भाडं मात्र त्यांनी तसलं काही मनात ठेवूनच सांगितलं.

खोली घराच्या मागच्या अंगाला, बोळात दार. पूर्वी तिथं सरकीची पोती ठेवायचे. भिंतींना, माळवदाला, फरशीच्या सांदीसांदीला सरकीचा खवट वास आणि तिचा बारीक भुस्सा. झाडून काढला तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. आठ दिवसांत माझंही नाक चोंदलं. एकच गोष्ट चांगली होती, ती म्हणजे खिडकी. सरांच्या आतल्या अंगणात उघडणारी, लाकडी फळ्यांची, चांगली रुंद. पहिल्या दिवशी मायनं ती उघडली आणि समोर आड बघितला. दुष्काळाच्या साली भरलेला आड. ती लेकरासारखी खूश झाली. मोठ्यानं म्हणाली, “अगं बाई, पाणी हाय की वो इथं! लई पाणी हाय!”

सर अंगणात आरामखुर्चीवर बसलेले होते. त्यांनी तिच्याकडं बघितलं, आडाकडं बघितलं, आणि उठून आत गेले.

दुसऱ्या दिवशी ते हातोडी आणि खिळे घेऊन आले. अंगणाच्या बाजूनं त्यांनी स्वतः खिडकी ठोकून बंद केली. गड्याला सांगितलं असतं तरी चाललं असतं, पण काही कामं माणूस स्वतःच्या हातानं करतो. आतून आम्ही फळ्यांवरचे ठोके ऐकत बसलो. मग ते बोळातून फिरून दाराशी आले, उंबऱ्याच्या बाहेर उभे राहिले आणि दादाला म्हणाले, “लातूरचा उन्हाळा तुम्हाला माहीत नाही. गरम वारा आत येतो. प्रकृतीला फार वाईट. आईंना दमा आहे ना? त्यांच्यासाठीच.”

हे मला अजून सहन होत नाही. तोंडावर शिवी दिली असती तर बरं झालं असतं, आमच्या लोकांना शिव्यांना उत्तर देता येतं. पण त्यांनी खिडकी बंद केली ती मायच्या तब्येतीसाठी. दोन-तीनदा दादानं विनवणी केली. सर, माय रात्रीची बसून राहते, तिला आडवं होता येत नाही, थोडी फट तरी ठेवा. सर तपकीर ओढायचे आणि म्हणायचे, “बघू हं. पाऊस पडू द्या.” पाऊस पडतच नव्हता, म्हणून तर आम्ही असे जगत होतो.

दार बोळात, आणि बोळात उघडी मोरी. दार उघडावं तर मोरीचा वास आणि डास, लावावं तर सरकी. माय भिंतीला पाठ लावून, गुडघ्यांवर हात ठेवून बसायची आणि श्वास मोजूनमापून घ्यायची, कुणाकडून उसना आणल्यासारखा. डॉक्टरनं गोळ्या दिल्या आणि सांगितलं, “मोकळ्या हवेत ठेवा. बाकी औषधापेक्षा तेच मोठं.” मोकळी हवा फळीच्या पलीकडं होती.

सर संध्याकाळी अंगणात व्यापाऱ्यांच्या पोरांची शिकवणी घ्यायचे. फळ्यांच्या फटीतून हवा येत नव्हती पण इंग्रजी यायचं. मी कान लावून बसायची. एके दिवशी त्यांनी तोच शब्द घेतला. आपल्या चोंदलेल्या नाकातून त्यांनी पोरांना समजावलं की खोली स्टफी असते म्हणजे जिथं हवा खेळत नाही, नाक स्टफी असतं म्हणजे सर्दी, आणि एखादे गृहस्थ स्टफी असतात म्हणजे ज्यांना नव्या काळाचा वारा सोसत नाही, रीतीभातीतच जे अडकलेले असतात. पोरांनी पाठ म्हटलं. फळीच्या अलीकडं माझी माय घरघरत होती. मला इतका संताप आला की मी फळीवर मूठ मारली. पलीकडं पोरांचं पाठ म्हणणं तुटलं. मग सर म्हणाले, “उंदीर आहेत. लेट अस कंटिन्यू.”

काही लोक मला म्हणतात, काही झालं तरी तुमचं इंग्रजी त्यांच्यामुळं सुधारलं, गुरूच की ते. मी म्हणते, कसले गुरू? भाडं आम्ही भरत होतो आणि हवा ते देत नव्हते. त्या बदल्यात फटीतून चार शब्द गळाले असतील तर ते माझ्या हक्काचे आहेत.

दादाची कचेरी म्हणजे समाजकल्याणची. पण नव्या जिल्ह्यात तीन-चार कचेऱ्या एकाच इमारतीत दाटीवाटीनं बसलेल्या, फायली पोत्यांत, एका टेबलाला दोन कारकून. बाहेरचे सगळे त्या इमारतीला नुसतं ‘कचेरी’ म्हणायचे. दादा कचेरीत आहे एवढं सरांना माहीत होतं. कुठल्या, ते त्यांनी कधी विचारलं नाही. त्यांना वाटायचं, चपराशी असेल.

तर सगळ्या कचेऱ्या जागा शोधत होत्या. सरकार भाडेकरू म्हणून मिळावं ही त्या वेळी लातुरातल्या प्रत्येक घरमालकाची इच्छा. भाडं बुडत नाही, वर मान मिळतो. सरांनीही ओळखीच्या एका माणसाकरवी घर पुढं केलं होतं. त्यांच्या मनात कोषागार होतं. दाराशी बंदूकवाला शिपाई, आत तिजोऱ्या, असं काहीतरी ते शिकवणीच्या पोरांना सांगताना मी ऐकलं होतं.

एका दुपारी ते आमच्या दाराशी आले. नेहमीसारखे उंबऱ्याबाहेर. चेहरा खुललेला. दादा रविवारचा घरी होता. म्हणाले, “उद्या एक साहेब घर बघायला येणार आहेत. फार मोठे अधिकारी. मी चौकशी केली, आडनावात ‘कर’ आहे, गावावरून पडलेलं, म्हणजे वतनदार घराणं असणार. रंगही गोरा आहे म्हणतात. इंग्रजी तर अस्खलित.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “तेवढा वेळ तुम्ही दार लावून घ्या. चूल पेटवू नका. आणि आईंना जरा खोकू देऊ नका. साहेबांवर बरं इंप्रेशन पडणार नाही.”

ते गेले. मायनं सगळं ऐकलं होतं. ती पदर तोंडात धरून बसली, जणू आत्तापासूनच सराव करायचा होता. ते बघून माझ्या डोक्यात तिडीक गेली.

दादा मात्र खाली मान घालून हसत होता. मला वाटलं, ह्याला वेड लागलं. मी म्हटलं, “हसून काय राहिलास?”

“अगं, ते आमचेच साहेब हाईत,” तो म्हणाला. “आमच्याच हापिसासाठी जागा बघून राहिलेत.”

“मग?”

“मग काय! आपल्यातले हाईत. किनवटकडचे. वसतिगृहात शिकलेले. बापानं दीक्षा घेतली तवा जुनं आडनाव टाकलं आन गावाच्या नावाला कर लावलं. सर म्हंतेत वतनदार!”

आमच्याकडं हे घरोघर झालेलं आहे. लोकांनी बौद्ध होताना देव सोडले, कामं सोडली, कुणी आडनावंही सोडली. पण आयुष्यभर दुसऱ्याचं आडनाव चाळून माणूस ओळखणाऱ्या सरांना हे सुचलंच नाही. चाळणी चांगली होती, धान्य बदललेलं होतं.

दादाच्या मनात भीती होती. साहेबांना घर आवडलं तर आपल्याला खोली सोडावी लागेल, आणि नाही आवडलं तर सर राग आपल्यावर काढतील. मी म्हटलं, “ते मागून बघू. तू फक्त साहेबांना सांग, घर बघून झालं की आमच्याकडं चहाला या. दुसरं काही सांगू नको.” दादा स्वभावानं गरीब, मी तशी नाही. पण मायच्या तोंडातला तो पदर त्यानंही बघितला होता. म्हणाला, “सांगतो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा कचेरीत साहेबांना निरोप देऊन अर्ध्या रजेवर घरी आला, आणि भर दुपारी साहेब आले. बाहेर ऊन असं की बोळातली कुत्रीसुद्धा मोरीत बसलेली. आम्ही दार लावून आत. भिंतीपलीकडून सरांचा आवाज सगळ्या घरात फिरताना ऐकू येत होता. “व्हेरी एअरी हाउस, सर! क्रॉस व्हेंटिलेशन!” साहेब हूं हूं करत होते. मग ते अंगणात आले आणि त्यांनी विचारलं, “ही खिडकी कसली?”

“गोडाऊन आहे,” सर म्हणाले. “मागे काही लोक ठेवलेत. टेंपररी. दे आर... यू अंडरस्टँड, सर.”

“आय अंडरस्टँड,” साहेब म्हणाले. मग म्हणाले, “आमच्या ऑफिसातले एकजण इथंच राहतात म्हणे. त्यांनी चहाला बोलावलंय. चला, तुम्हीही चला.”

सर काय बोलले ते ऐकू आलं नाही. मी चूल पेटवली. जळणाला तुरीच्या तुराट्या होत्या, त्यांतल्या अर्ध्या मी सकाळीच हंड्यातल्या पाण्यानं जरा ओल्या करून ठेवल्या होत्या. दुष्काळात पाणी वाया घालवल्याबद्दल मायनं मला शिव्या दिल्या होत्या. ते पाणी वाया गेलं नाही.

मायला मी म्हटलं, “माय, आज पोटभर खोक.”

दार वाजलं. दादानं उघडलं. साहेब वाकून आत आले, मायसमोर हात जोडले आणि म्हणाले, “जयभीम, माय.”

“जयभीम, लेकरा,” माय म्हणाली.

मी मायकडं बघत नव्हते, साहेबांकडंही नाही. मी उंबऱ्याबाहेर उभ्या असलेल्या काळ्या कोटाकडं बघत होते. त्यांचा हात तपकिरीच्या डबीत होता तो तसाच राहिला. डोळ्यांत आधी काही कळल्याचं दिसलं नाही, मग कळलं, आणि मग ते आपलं आयुष्यभराचं गणित पुन्हा मांडतायत असं दिसलं. साहेब चटईवर मांडी घालून बसले, मागं वळले आणि अगदी साध्या आवाजात म्हणाले, “या ना सर. बाहेर का उभे? बसा.”

एका बाजूला उंबरा, एका बाजूला सरकारी भाडेकरू. सर तिथं घटकाभर उभे होते. मी मनातल्या मनात म्हणत होते, ये. ये आत. लोभ मोठा की विटाळ मोठा, बघू दे आज.

ते आत आले. बसायला दुसरं काही नव्हतं, पत्र्याची पेटी होती, तिच्यावर टेकले. मी उठले, दार लावून घेतलं आणि म्हटलं, “झळ येती. गरम वारा प्रकृतीला वाईट.” दादानं माझ्याकडं डोळे वटारले. मी चुलीकडं तोंड फिरवलं.

मग चहा उकळला. माझ्या आयुष्यात मी इतका सावकाश चहा कधी केला नाही. आधी पाणी तापलं, मग मी साखर शोधली, मग चहापत्तीचा डबा शोधला, तो हाताशीच होता. ओल्या तुराट्यांचा धूर माळवदाला लागून खाली उतरत होता. माय खोकत होती. तिनं माझं ऐकून मुद्दाम खोकावं अशी वेळच आली नाही, धुरानं तिचं काम केलं, आणि मला आत कुठंतरी चर्र झालं. पण मी थांबले नाही. साहेबांनी रुमालानं मान पुसली आणि मायला तिच्या गावाचं, शेताचं, दुखण्याचं विचारत राहिले. त्यांचं बालपण अशाच खोल्यांत गेलेलं असावं, त्यांना सोसत होतं. सरांना सोसत नव्हतं. चोंदलेल्या नाकाचा माणूस तोंडानं श्वास घेतो आणि तोंडानं घेतला की धूर सरळ आत जातो. त्यांचा चेहरा लाल झाला. गळ्याची गुंडी सुटली. मग दुसरी. सरांचा गळा मी पहिल्यांदाच बघितला. बारीक होता, वाळलेला.

चहा दिला. कपबशा दोनच होत्या. साहेबांनी आपली बशी हातात घेतली पण तोंडाला लावली नाही. “सर, तुम्ही वडीलधारे. आधी तुम्ही.”

सरांनी कप उचलला. माझ्या मायच्या घरचा, माझ्या हातचा, आमच्या हंड्यातल्या पाण्याचा चहा. त्यांनी घोट घेतला. मी त्यांच्या गळ्याकडं बघत होते, तो खाली गेला का ते. गेला. मला त्या क्षणी जे वाटलं ते मी कधीच कुणापाशी सभ्य शब्दांत सांगू शकले नाही. आनंद म्हणा. पण त्याला दात होते.

साहेबांनी चहा संपवला आणि विचारलं, “माय, ही खिडकी बंद का ठेवलीय? एवढं गुदमरतंय.”

मायच्या मनात काही नव्हतं. ती भोळेपणानंच म्हणाली, “सरायनं खिळे ठोकलेत वो. गरम वारं येतंय म्हणून. माझ्यासाठीच केलं त्यायनं.”

साहेब सरांकडं वळले. “सर, तुमच्या घराला क्रॉस व्हेंटिलेशन आहे म्हणालात.”

“हो... म्हणजे... आहेच...”

“मग काढा ना खिळे. मला बघू द्या.”

त्यांनी आवाज चढवला नाही. सर उठले, बोळातून बाहेर पडले, आणि थोड्या वेळानं पलीकडून पकडीचा आवाज यायला लागला. गड्याला हाक मारायचं धाडस त्यांना साहेबांसमोर झालं नसावं. ठोकताना त्यांनी मनापासून ठोकले होते, त्यामुळं निघता निघेनात. एकेक खिळा किंचाळत बाहेर येत होता. मी आत उभी राहून सगळे ऐकले. शेवटी फळ्या उघडल्या आणि अंगण, आड, ऊन आणि घामानं भिजलेला सरांचा चेहरा असं सगळं एकदम आत आलं. धूर बाहेर निघाला आणि त्यांच्याच तोंडावर गेला. माय सरकत सरकत खिडकीपाशी गेली, गज धरले आणि तोंड वर करून श्वास घेतला. तिची छाती वरखाली होताना मला दिसली. सरांच्या आणि तिच्या मधे आता फक्त गज होते.

ती म्हणाली, “लई बरं वाटलं, सर. लई उपकार झाले.”

ती खरंच उपकार मानत होती. मला तिचाही राग आला.

साहेबांनी घर घेतलं. समोरच्या दोन खोल्या सोडल्या तर सगळं घेतलं, आमच्या खोलीसकट. करारावर नुसतं ‘महाराष्ट्र शासन’ असं होतं, सरांना हे कोषागार नव्हे हे कळेपर्यंत सही झालेली होती. ते दादाला अडवून म्हणाले, “तुम्हाला माहीत होतं.” मी मागून म्हटलं, “तुम्ही कधी विचारलं नाही, सर. आडनाव सोडून.” पुढं त्या घरावर समाजकल्याणची पाटी लागली आणि गावोगावची आमची पोरं शिष्यवृत्तीचे अर्ज घेऊन त्या अंगणात दिवसभर बसायला लागली. आडावर पोहरा ठेवलेला असायचा. पोरं ओंजळीनं प्यायची, तोंडावर मारायची, एकमेकांच्या अंगावर उडवायची. समोरच्या दोन खोल्या सरांनी स्वतःसाठी ठेवल्या होत्या, त्यांच्या खिडक्या त्यांनी सगळ्या बंद करून घेतल्या. मी कॉलेजातून येताना मुद्दाम वाट वाकडी करून तिथं जायची आणि त्या बंद खिडक्या बघून घरी यायची. पुढं ते पुण्याला मुलाकडं गेले. तिथं सुनेनं त्यांची खाट गॅलरी बंद करून केलेल्या खोलीत टाकली असं कुणीतरी सांगितलं. खरं-खोटं मला माहीत नाही. मी ते खरं धरून चालते.

लोक म्हणतात, एवढं झालं, फिटलं की सगळं. आता सोडून द्या. डॉक्टरही मला समजावून म्हणाले होते की मायच्या छातीतली धूळ खडीची होती, पुष्कळ जुनी, खोलीनं फार तर थोडं वाढवलं असेल. असेल. पण खडीवर मला सूड उगवता येत नाही. दुष्काळावर येत नाही. सरकारी कामावरच्या मुकादमाचं तोंडही मला आठवत नाही. सरांचं आठवतं.

आम्ही गावाबाहेरच्या आमच्या लोकांच्या नव्या वस्तीत पत्र्याची खोली घेतली. दादानं दोन्ही भिंतींना मोठ्या खिडक्या ठेवायला लावल्या, गवंडी म्हणाला, “खोली बांधून राहिलो की मंडप?” त्या साली पाऊस आला. माळावरून ओला वारा यायचा आणि भिंतीवर लावलेलं कॅलेंडर दिवसभर फडफडत राहायचं. माय दोन खिडक्यांच्या मधे खाटेवर बसून असायची.

एका दुपारी मी पुस्तक घेऊन तिच्याजवळ बसले होते. वारा भरून सुटलेला, माझी पानं उलटत होती, मी ती बोटानं दाबून धरली होती. माय म्हणाली, “पोरी, खिडकी उघड गं.”

“उघडीच हाय, माय.”

“न्हाई. उघड जरा.”

मी उठले. दोन्ही खिडक्यांची दारं भिंतीला टेकलेली होती. तिचं समाधान व्हावं म्हणून मी ती हातानं आणखी मागं ढकलली, खोलीचं दारही सताड उघडलं, आणि वळून म्हटलं, “बघ, आता सगळं उघडं हाय.”

तिनं माझ्याकडं बघितलं. तोंड उघडं होतं, खांदे वर आलेले. “मग वारं का येईना गं?” ती म्हणाली. तिच्या कपाळावरचे केस वाऱ्यानं उडत होते.